नेट स्टेशनवर, आपण गाडीत

‘अगं गाडीत आहे, आवाज तुटतोय, स्टेशन आलं की करते.’ अमरावती-अकोला अप-डाऊन करणाऱ्या कुठल्याही पोराला नाहीतर पोरीला विचारा, हे वाक्य आठवड्यातून किती वेळा बोलता म्हणून. कुणी मोजायलासुद्धा बसणार नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. बडनेरा सुटायच्या आधीच घरी सांगून ठेवायचं, ‘मधात फोन लागला नाही तर घाबरू नका.’ कुणाचं नेट कुरुमला जातं, कुणाचं मूर्तिजापूर सोडलं की, कुणाचं काटेपूर्णा आणि बोरगाव मंजूच्या मधात. सिम बदललं की नकाशाही बदलतो. आपला मेल गोल गोल फिरत असतो आणि शेजारच्या सीटवरचा काका मोठ्या आवाजात रील पाहत असतो. तेव्हा जीव किती जळतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग अकोला येतं, गाडी थांबते आणि फोनवर खूण दिसते: रेल्वेचं मोफत वायफाय. म्हणजे ज्या ठिकाणी आपलं स्वतःचं नेट धड चालतं, नेमकं तिथेच रेल्वे आपल्याला नेट देते. काहून बे असं?

याचं उत्तर दहा वर्षं जुनं आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये गुगलने भारतातल्या रेल्वे स्टेशनांवर वायफाय द्यायची घोषणा केली, सोबतीला रेल्वेचीच कंपनी रेलटेल. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात झाली आणि जून २०१८ मध्ये आसामातल्या दिब्रुगडपर्यंत ४०० स्टेशनं पूर्ण झाली. त्या वेळी आपण शाळेत होतो. एक जीबीचा पॅक महिनाभर पुरवायचा, हे ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल. नेट महाग होतं, त्यामुळे फुकट वायफाय ही चैन नव्हती, गरज होती. एर्नाकुलम जंक्शनवरच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता इअरफोन लावून, स्टेशनच्या वायफायवर अभ्यास केला आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा काढली. ही बातमी २०१८ ची. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी तेव्हा ती एकमेकांना किती वेळा फॉरवर्ड केली असेल, देव जाणे. त्यामुळे स्टेशनचं वायफाय बिनकामाचं आहे, असं मी म्हणणार नाही. प्लॅटफॉर्मवर तासन् तास थांबणाऱ्यासाठी, हमालासाठी, स्टॉलवाल्यासाठी, लेट गाडीची वाट बघणाऱ्यासाठी ते उपयोगाचं आहे.

पण मधल्या काळात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचे भाव कोसळले. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने सांगून टाकलं की आता मोबाइल डेटा स्वस्त झालाय, आम्ही या योजनेतून बाहेर पडतो. रेलटेलने मात्र काम थांबवलं नाही. आज ६ हजारांहून जास्त स्टेशनांवर हे वायफाय आहे. २०२१ पासून त्याचा हिशेब असा: दिवसाला पहिली ३० मिनिटं १ एमबीपीएसच्या वेगाने फुकट, त्यापुढे पैसे. तेव्हाचा सगळ्यात लहान प्लॅन १० रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबी.

आता हा हिशेब गाडीत बसून करा. फुकट मिळतात ३० मिनिटं आणि आपली गाडी थांबते दोन, तीन, फार तर पाच मिनिटं. त्यात आधी वायफाय जोडा, मग पान उघडायची वाट बघा, मग मोबाइल नंबर टाका, मग ओटीपीची वाट बघा. ओटीपी येणार कशावर? मोबाइल नेटवर्कवर! म्हणजे वायफाय मिळवायला आधी नेटवर्क पाहिजे. ओटीपी टाकेपर्यंत गार्ड झेंडी दाखवतो.

इथे एक कामाची गोष्ट सांगून टाकते. स्टेशनवर वायफाय जोडलं जातं पण लॉगिनचं पान येत नाही, हा अनुभव सगळ्यांचा असतो. कारण साधं आहे. अशा वायफायला तुमची पहिली मागणी मधेच अडवून तुम्हाला स्वतःच्या पानावर न्यायचं असतं. पण आजकालच्या जवळजवळ सगळ्या साइट ‘एचटीटीपीएस’वर, म्हणजे कुलूपबंद चालतात, आणि कुलूपबंद मागणी अशी वळवता येत नाही. ब्राउझर संशय घेऊन थांबतो. म्हणून व्हॉट्सॲप, जीमेल उघडत बसू नका. ब्राउझरमध्ये ‘एस’ नसलेला, साधा एचटीटीपीचा पत्ता टाका. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट खास याच कामासाठी आहे. व्हीपीएन चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. लॉगिनचं पान बरेचदा लगेच येतं.

बरं, मग चालत्या गाडीत वायफाय द्यायचा प्रयत्न झालाच नाही का? झाला. २०१३ मध्ये हावडा-नवी दिल्ली राजधानीत उपग्रहावरून इंटरनेट देऊन पाहिलं. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत सांगितलं की यंत्रणेचा खर्च मोठा, बँडविड्थचा आवर्ती खर्च वेगळा, एवढं करून प्रवाशाला मिळणारा वेग अपुरा, म्हणून प्रकल्प सोडून दिला. परवडेल असं योग्य तंत्रज्ञान सध्या नाही. हे उत्तर वाचून मला राग आला नाही. उपग्रहाच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. पण विषय तिथेच संपला, असं जे धरलं गेलं ते पटत नाही.

आणि हो, ‘वंदे भारतमध्ये तर वायफाय आहे’ असं कुणी म्हटलं तर हुरळून जाऊ नका. आपल्याकडून जाणारी अजनी-पुणे वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, बडनेरा आणि अकोल्याला थांबतेही. पण या गाड्यांच्या वर्णनात जे हॉटस्पॉट असतं ते मनोरंजनासाठीचं. गाडीतल्या सर्व्हरवर सिनेमे-गाणी भरून ठेवलेली असतात, तुमचा फोन त्या सर्व्हरपर्यंत जातो, बाहेरच्या जगापर्यंत नाही. आपल्या एसटीत मागे ‘मोफत वायफाय’चे स्टिकर दिसायचे ना, तेही याच जातीचं. पेटीत भरलेले पिक्चर. सिनेमा बघा, फॉर्म मात्र भरता येणार नाही.

हे इतकं अवघड का आहे, ते समजून घ्यायला हवं. नाहीतर आपण नुसतेच शिव्या घालत बसू. रेल्वेचा डबा म्हणजे लोखंडाची पेटी. लहरी पत्र्यातून आत येत नाहीत, येतात त्या खिडकीतून. स्लीपरची उघडी खिडकी त्यासाठी बरी. एसीतल्या बंद काचांमागे सिग्नल बरेचदा आणखी मार खातो. म्हणजे तिकिटाला पैसे जास्त आणि नेट कमी! दुसरी अडचण वेगाची. गाडी ताशी १२० किलोमीटरने धावते असं धरा, म्हणजे मिनिटाला २ किलोमीटर. फोन एका टॉवरशी बोलायला लागतो न लागतो तोच पुढचा टॉवर शोधायची वेळ येते. तेही एकट्या तुमच्या फोनवर नाही, अख्ख्या गाडीतल्या हजारभर फोनांवर एकाच वेळी. शेतातला तो टॉवर बिचारा आजूबाजूच्या चार गावांच्या हिशेबाने उभा केलेला असतो. त्याच्यासमोरून अर्ध्या मिनिटात अख्खं गाव पळत जातं.

जर्मनीचं नाव इथे कुणीतरी काढणारच. एमएस करायला गेलेला एखादा सीनियर आता प्रत्येक कॉलेजात सापडतो, आणि तो सांगतोच की तिकडे गाडीत वायफाय असतं. खरं आहे. तिथल्या आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत २०१७ पासून सेकंड क्लासलाही मोफत वायफाय मिळतं. पण पुढची गोष्ट सीनियर सांगत नाही. ते वायफाय आकाशातून पडत नाही. गाडीच्या छतावर अँटेना असतात, त्या रुळालगतच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइल टॉवरांशी एकाच वेळी जोडलेल्या राहतात आणि जे काही मिळेल ते गोळा करून डब्यात वाटतात. टॉवरच नसेल तर जर्मन वायफायही झोपतं. त्यांच्याकडे अशा जागेला ‘फुंकलॉख’ असा शब्द आहे, म्हणजे सिग्नलचं भोक. भाषेत शब्द तयार व्हावा इतपत भोकं असणार, यावरून काय ते समजा. सुरुवातीला सेकंड क्लासवाल्यांना २०० एमबीपर्यंतच चांगला वेग मिळायचा, नंतर गाडी मालगाडी व्हायची. कॉम्प्युटरच्या दोस्तांसाठी आणखी एक मजा: त्या वायफायचे आयपी पत्ते १७२.१८ या मालिकेतले आणि डॉकर आपल्या लॅपटॉपवर जी नेटवर्क बनवतं त्यांचेही पत्ते बरेचदा त्याच मालिकेतले. दोन्हींची टक्कर व्हायची आणि लॉगिनचं पानच उघडायचं नाही. गाडीत बसलेल्या कित्येक डेव्हलपरांनी डोकं खाजवलंय म्हणे.

या सगळ्यात मला आवडली ती त्यांची पुढची पावलं. उन्हाळ्यात डबा तापू नये म्हणून त्यांच्या काचांवर धातूचा बारीक थर असतो, तोच सिग्नल अडवतो. म्हणून त्या थरावर लेझरने बारीक रेघा कोरून लहरींना वाट करून दिली जातेय. शिवाय रेल्वे आणि दूरसंचार कंपनी यांनी २०२१ मध्ये एकत्र बसून रुळालगतची भोकं बुजवायचा करार केला. म्हणजे वायफाय देऊन झाल्यावर त्यांना कळलं की मूळ काम डब्यात नाही, रुळाच्या कडेला आहे.

आपल्याला हे काम उलट्या क्रमाने करता येईल. आधी रुळाची कड, डब्यातलं वायफाय नंतर. नाही दिलं तरी चालेल. आपल्या खिशात डेटा आहे, रोजचा दीड-दोन जीबी पडलेला असतो. रेल्वेने आपल्याला फुकट काही द्यावं, असं मी म्हणतच नाहीये. आपण पैसे मोजलेला डेटा आपल्यापर्यंत पोहोचू द्यावा, एवढंच.

आणि रुळाच्या कडेला आहे काय, ते ऐका. २००० साली रेलटेल स्थापन झाली तीच मुळी रुळालगत ऑप्टिकल फायबर टाकून रेल्वेचं दळणवळण सुधारायला आणि उरलेली क्षमता बाहेर विकायला. आज तिचं फायबरचं जाळं ६० हजार किलोमीटरहून मोठं आहे. स्टेशनचं वायफाय त्याच्यावरच चालतं. म्हणजे मूर्तिजापूर ते अकोला तुम्ही फोन वर धरून, खाली धरून, दरवाज्यापर्यंत जाऊन सिग्नल शोधत असता तेव्हा देशातल्या मोठ्या फायबर जाळ्यांपैकी एक तुमच्या चाकांशेजारून चाललेलं असतं. टॉवर उभारताना मोठी अडचण असते ती त्याच्यापर्यंत फायबर नेण्याची. इथे फायबर आधीच आहे, जागा रेल्वेची आहे, स्टेशनागणिक वीज आहे. शिवाय जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले ५ मेगाहर्ट्झ दिले, स्वतःच्या सुरक्षेच्या संपर्कासाठी. ‘कवच’ यंत्रणेसाठी रुळालगत टॉवर उभे राहताहेत. ते स्पेक्ट्रम आपल्या रील्ससाठी नाही आणि नसावंच. पण टॉवर म्हणजे शेवटी लोखंडाचा खांब. त्याच्यावर मोबाइल कंपन्यांना भाड्याने जागा देता येते का, ते तरी बघा. रेल्वे डब्यावर जाहिराती लावून, स्टेशनची नावं विकून तिकिटाबाहेरचं उत्पन्न शोधत असतेच.

तिकिटाबाहेरच्या उत्पन्नावरून आठवलं. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच भुसावळ विभागाने पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चक्क एटीएम बसवलं, चालत्या गाडीत पैसे देणारं. कल्पना भारीच होती. चाचणीच्या वेळी ते एटीएम बहुतेक मार्गावर व्यवस्थित चाललं आणि इगतपुरी-कसारा टप्प्यात, बोगद्यांच्या भागात, सिग्नलअभावी थोडा वेळ अडलं. म्हणजे ज्या भोकात आपण पडतो त्याच भोकात बँकेचं मशीनही पडलं. आपण बोललो तर ‘आजकालच्या पोरांना फोनशिवाय करमत नाही’ असं ऐकावं लागतं. एटीएमला तसं कोण म्हणणार?

हा टोमणा घरीही मिळतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलते. ‘दोन तास नेट नसलं तर काय बिघडतं? खिडकीबाहेर बघा, कपाशी बघा, पुस्तक वाचा.’ मान्य, अगदी मान्य. मला स्वतःला मूर्तिजापूरला बंद पडलेल्या शकुंतलेचे रूळ शोधायला आवडतं. पण आपलं सगळं जग या वडीलधाऱ्यांच्याच पिढीने ऑनलाइन करून ठेवलंय ना? परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, हॉलतिकीट ऑनलाइन, प्रवेशाची पसंती भरायची ती ऑनलाइन, तिची मुदत संध्याकाळी पाचला किंवा रात्री बाराला. मुदत संपते तेव्हा तुम्ही वर्गात आहात की नांदुरा-मलकापूरच्या मधात, हे पोर्टल विचारत नाही. मी अकोल्याला इंटर्नशिप करते, घर अमरावतीला. मागच्या हिवाळ्यात एकदा चारशे शब्दांची बातमी गाडीतून पाठवायची होती. मेल पाठवला, गोल फिरला, फिरतच राहिला. बडनेऱ्याला उतरून बघते तर तेव्हा कुठे तो निघाला. तोवर पान लागून गेलं होतं. सिमकंपनी कोणती ते महत्त्वाचं नाही. शेजारचीचं दुसऱ्या कंपनीचं होतं, तिलाही एक दांडी होती. माझी एक बातमी गेली, पण एखाद्याची प्रवेशफेरी जाऊ शकते.

याहून मोठी गोष्ट रात्रीची. पुण्या-मुंबईला शिकायला, मुलाखतीला, परीक्षेला जाणाऱ्या वऱ्हाडातल्या पोरी रात्रभराचा प्रवास एकट्या करतात. घरच्यांनी ‘जा’ म्हटलेलं असतं ते लाइव्ह लोकेशनच्या भरवशावर. तो निळा ठिपका रात्री दीड वाजता कुठेतरी थांबतो, आणि तिकडे आई उठून बसते. काही त्रास झाला तर १३९ वर फोन करा, रेल मदद ॲपवर तक्रार करा, असं डब्यात लिहिलेलं असतं. दोन्हीला नेटवर्क लागतं. टीटीईच्या हातातलं मशीनसुद्धा नेटवर्कवरच चालतं, कुठला बर्थ रिकामा राहिला ते त्यावरून पुढे कळतं आणि आरएसीवाल्याला जागा मिळते. सिग्नल हा विषय फक्त करमणुकीचा राहिलेला नाही. चहावाल्याला विचारा. ‘दादा, यूपीआय फिरतंय’ म्हटलं की तो ‘पुढच्या स्टेशनवर पाठवजा’ म्हणून निघून जातो. दहा रुपयांसाठी अनोळखी माणसावर एवढा विश्वास टाकणारा माणूस शोधून सापडणार नाही, पण त्याची उधारी आपल्या नेटवर्कने वाढवलीय हेही खरं.

आता ‘मागणी करा’ म्हटलं की आपण एक हॅशटॅग टाकतो आणि झोपतो. रेल्वेला हॅशटॅगपेक्षा किलोमीटर कळतो. विजेच्या तारांचे जे खांब रुळाशेजारी असतात, त्या प्रत्येकावर पाटी असते: वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा खांबाचा. बडनेरा ते अकोला हे अंतर ऐंशीएक किलोमीटर. सिग्नल मोजणारी ॲप फुकट मिळतात. ती डीबीएममध्ये आकडा दाखवतात, उणे ८० म्हणजे बरा, उणे ११० च्या पुढे म्हणजे रडगाणं. चार मित्र, चार वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, एक पॅसेंजर गाडी आणि एक वही. खांबाचा आकडा आणि फोनचा आकडा लिहीत गेलं तर दोन फेऱ्यांत कच्चा नकाशा तयार होतो. एकदा स्लीपरमधून करा, एकदा एसीतून. काचेचा फरक किती तेही कळेल. इंजिनीअरिंगवाल्यांना यंदाचा मिनी प्रोजेक्ट ‘अटेंडन्स सिस्टीम’ सोडून दुसरा हवाच असेल. भुसावळ विभागाला रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती असते, तिच्यावर प्रवाशांचे प्रतिनिधी असतात, आणि तिथे ‘मूर्तिजापूरकडे नेट येत नाही’ यापेक्षा ‘अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत चारही कंपन्या शून्य’ हे वाक्य टाळायला अवघड जातं. परीक्षा संपल्या की मी एक फेरी करणार आहे. माझ्याकडे दोनच सिम आहेत. बाकीच्या दोन कंपन्यांची ज्यांच्याकडे असतील त्यांनी वही घेऊन बडनेऱ्याला या.